अनोळखी कोडमध्ये शिरताना: ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

ओपन सोर्स प्रकल्पाला हातभार लावायचं ठरलं, रेपो (प्रकल्पाच्या कोडचं भांडार) उतरवून घेतला, एडिटर उघडला, आणि डाव्या बाजूला फोल्डरांची न संपणारी यादी दिसली. आता पुढे काय? माटुंग्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली दुसऱ्या वर्षाची मुलगी हे विचारते, आणि पवईतल्या कंपनीत पाच वर्षं जावा लिहिणारा माणूसही हेच विचारतो.

बरेच जण पहिल्या फोल्डरातल्या पहिल्या फाइलपासून वाचायला लागतात. दोन संध्याकाळी वाचतात आणि तिसऱ्या दिवशी सोडून देतात. दोष त्यांच्या बुद्धीचा नसतो. एवढा कोड नुसता वाचून कुणालाच समजत नाही, तो लिहिणाऱ्यांनाही नाही. म्हणून नव्या माणसाला मी एकच पद्धत सांगतो. प्रकल्प आधी आपल्या मशिनवर चालवा. मग पडद्यावर दिसणारी एक छोटीशी गोष्ट निवडा आणि ती ज्या ओळीतून येते तिथपर्यंत माग काढत जा. एक माग शेवटपर्यंत काढला की प्रकल्पाची रचना, त्याची साधनं आणि तिथली माणसं, सगळ्यांची ओळख वाटेतच होते.

या लेखात उदाहरण घेतलंय ईआरपीनेक्स्टचं. हिशेब, माल, खरेदी-विक्री सांभाळणारा हा प्रकल्प मुंबईतल्या फ्रॅपे कंपनीने घडवला आणि त्याचा सगळा कोड खुला आहे. तुमचा प्रकल्प दुसरा असला तरी पद्धत तीच चालेल.

प्रकल्प निवडताना

तुम्ही स्वतः वापरता असाच प्रकल्प निवडा. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, ओपनस्ट्रीटमॅप, मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी, यांतलं काहीतरी रोजच्या वापरात असतंच. वापरणाऱ्याला बिघाड कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं आणि तो दुरुस्त झालेला पाहायची ओढही असते. नुसतं बायोडेटात नाव हवं म्हणून निवडलेला प्रकल्प पहिल्याच अडचणीला सुटतो.

प्रकल्प जिवंत आहे की नाही, हे पाहायला दहा मिनिटं पुरतात. अलीकडचे कमिट, म्हणजे कोडमध्ये नोंदलेले बदल, केव्हाचे आहेत? बाहेरच्या माणसांचे पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती) विलीन होतात, की नुसते पडून राहतात? प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळतं का, आणि कोणत्या सुरात मिळतं? कोड ठेवायच्या गिटहबसारख्या साइटवर मिळालेल्या ताऱ्यांची संख्या बघून यातलं काही कळत नाही. नोंदवलेला बिघाड किंवा काम म्हणजे इश्यू. 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावलेली कामं नव्यांसाठी ठेवलेली असतात. लिब्रेऑफिसमध्ये त्यांनाच 'ईझी हॅक' म्हणतात.

विद्यार्थ्यांसाठी जवळचा पर्याय म्हणजे शिक्षणात खुलं सॉफ्टवेअर आणणारा, पवईच्या आयआयटीतला फॉसी प्रकल्प. विद्युत मंडलांची रचना करणारं ईसिम हे साधन तिथेच घडतं. ते पायथनमध्ये आहे आणि कायकॅड व एनजीस्पाइस या खुल्या साधनांवर उभं आहे. आयआयटीच्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्ससारख्या विषयांचे धडे मराठी निवेदनातही आहेत. टर्मिनलची (आज्ञा टाइप करायच्या खिडकीची) सवय नसेल तर आधी तिथे जा, त्यात कमीपणा काही नाही. प्रत्यक्ष माणसांना भेटायचं असेल तर फॉस युनायटेड या खुल्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या संस्थेच्या मुंबईतल्या बैठकांना जा. समोर बसून कोणी पंधरा मिनिटं दाखवलं तर आठवड्याचा गोंधळ मिटतो.

नोकरी करणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. नेमणुकीच्या करारात 'नोकरीच्या काळात लिहिलेला सगळा कोड कंपनीचा' असं कलम असू शकतं. ते आधी वाचा, गरज पडल्यास कंपनीकडून लेखी परवानगी घ्या, आणि काम स्वतःच्या लॅपटॉपवर, स्वतःच्या ईमेलने करा.

आधी चालवून दाखवा

रेपोत सगळ्यात आधी तीन फाइली वाचा: रीडमी, काँट्रिब्युटिंग आणि लायसन्स. रीडमी प्रकल्प काय करतो ते सांगते आणि काँट्रिब्युटिंग इथे काम कसं चालतं ते. लायसन्स मात्र बहुतेक जण उघडतच नाहीत, आणि ते बरोबर नाही. आपल्या उदाहरणातच तीन वेगवेगळे परवाने भेटणार आहेत: ईआरपीनेक्स्टचा जीपीएल, त्याखालच्या, कंपनीच्याच नावाच्या फ्रॅपे फ्रेमवर्कचा (ॲप ज्यावर उभं राहतं त्या सांगाड्याचा) एमआयटी आणि पुढे भेटणाऱ्या एका लायब्ररीचा (कुणालाही वापरता येणाऱ्या तयार कोडचा) एलजीपीएल. कोणता कोड कुठून कुठे उचलता येईल हे त्यावरच ठरतं.

मग स्वतःच्या खात्यावर फोर्क (रेपोची स्वतःची प्रत) करा आणि तिथून क्लोन, म्हणजे ती प्रत आपल्या मशिनवर. मूळ रेपोही 'अपस्ट्रीम' या नावाने रिमोट (दूरच्या रेपोचा पत्ता) म्हणून जोडून ठेवा, म्हणजे इतरांचे बदल ओढून घेता येतील. मोबाइल डेटावर काम करत असाल तर 'डेप्थ १' लावून उथळ क्लोन करायचा मोह होईल. पण त्यात इतिहास येत नाही, आणि इतिहासाशिवाय पुढची अर्धी साधनं निकामी होतात. त्याऐवजी 'ब्लॉब-नन' फिल्टर लावून क्लोन करा. कमिटांचा सगळा इतिहास येतो आणि जुन्या फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच उतरतो. कॉलेजच्या वायफायवर पूर्ण क्लोन करून ठेवता आला तर सगळ्यात उत्तम. बदलांचा इतिहास सांभाळणारं गिट हे साधन बहुतेक कामं नेटवर्कशिवाय करतं, त्यामुळे कल्याण लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की इतिहास वाचणं, शोध घेणं, कमिट करणं सगळं जमतं.

विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) बसवा आणि कोड लिनक्सच्या बाजूच्या फोल्डरात ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवून तिकडून उघडला की प्रत्येक फाइल वाचायला वेळ लागतो, आणि माणसाला वाटतं प्रकल्पच जड आहे.

फ्रॅपेचं जग उभं करायचं साधन म्हणजे 'बेंच'. पायथन, नोड, मारियाडीबी (डेटाबेस) आणि रेडिस (तात्पुरत्या माहितीचा साठा) एवढं लागतं. बेंचने नवी साइट तयार करा, ॲप बसवा, डेव्हलपर मोड चालू करा, मग 'बेंच स्टार्ट'. पहिल्या फटक्यात चालेल अशी अपेक्षा ठेवू नका. कुठे आवृत्ती जुळत नाही, कुठे पोर्ट अडलेला असतो. प्रत्येक चूक आणि तिचा उपाय एका वहीत किंवा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. ही नोंद फार मोलाची आहे. जुन्या मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या) मशिनवर सगळं कधीच बसलेलं असतं, त्यामुळे मार्गदर्शिकेत कोणती पायरी सुटलीय हे त्याला दिसत नाही. ते फक्त तुम्हाला दिसतं, तेही पहिल्या आठवड्यातच. बऱ्याच जणांचा पहिला पीआर याच नोंदींतून निघतो, आणि त्याचं मोल कोडइतकंच असतं.

या टप्प्यावर ब्रँचही (कोडच्या समांतर चालणाऱ्या शाखा) पाहून घ्या. ईआरपीनेक्स्टमध्ये नवं काम 'डेव्हलप' ब्रँचवर होतं. 'व्हर्जन-१५' सारख्या ब्रँच वापरकर्त्यांसाठी स्थिर ठेवलेल्या असतात. स्थिर ब्रँचवर बिघाड शोधून तिथेच दुरुस्त करणं ही नेहमीची गल्लत. आधी तो डेव्हलपवर अजून आहे का ते तपासा. कदाचित कुणी केव्हाच मिटवला असेल.

नकाशा, पण ढोबळच

माग काढायला निघण्याआधी अर्धा तास देऊन ढोबळ नकाशा करा. त्यासाठी कोडपेक्षा जोडणीच्या फाइली जास्त बोलतात. बेंचच्या फोल्डरात प्रॉकफाइल असते. तिच्यात वेब सर्व्हर, रेडिस, पार्श्वभूमीत काम करणारे वर्कर, वेळापत्रक सांभाळणारा शेड्युलर, असे चालणारे सगळे भाग ओळीने लिहिलेले असतात. जे चालतं ते तिथे आहे. इतर प्रकल्पांत हीच माहिती मेकफाइल, डॉकर कंपोजची फाइल किंवा पॅकेज-जेसनमधल्या स्क्रिप्ट्स देतात. सीआयची, म्हणजे प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या तपासणीची, फाइलही उघडा. कोऱ्या मशिनवर हा प्रकल्प कसा बांधतात आणि कसा तपासतात याची ती अचूक कृती असते, कारण ती रोज चालते. लिहिलेली मार्गदर्शिका जुनी होते, सीआयची फाइल जुनी झाली की लाल दिवा लागतो.

एवढं पुरे. प्रत्येक फोल्डर समजलाच पाहिजे असं नाही.

एका ओळीचा माग

आता मुख्य काम. चालू साइटवर १,२५,००० रुपयांचं एक विक्रीचं बिल बनवा. खाली रक्कम अक्षरांतही येते: 'वन लाख' वगैरे, इंग्रजीत, पण आपल्या लाखांच्या मोजणीत. प्रश्न साधा आहे. हे शब्द लिहिले कुणी? हा 'लाख' कुठून आला?

पहिली पायरी, पडद्यावरचं लेबल शोधणं. त्या रकान्याचं नाव 'इन वर्ड्स'. 'गिट ग्रेप'ने तेच शब्द शोधा. निकाल पुष्कळ येतील, त्यांत सेल्स इन्व्हॉइसची (विक्रीच्या बिलाची) जेसन फाइल, म्हणजे माहिती मांडून ठेवलेली मजकुराची फाइल, दिसेल. ती उघडल्यावर फ्रॅपेबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळते. इथे फॉर्म कोडमध्ये काढलेले नाहीत. प्रत्येक दस्तऐवजाच्या प्रकाराला 'डॉकटाइप' म्हणतात आणि त्याचे रकाने, लेबलं, क्रम हे सगळं त्या जेसनमध्ये नोंदलेलं असतं. फ्रेमवर्क ते वाचून फॉर्म उभा करतं. कागदपत्रांत याबद्दल पानंच्या पानं आहेत, पण इथे ते पाच मिनिटांत डोळ्यांनी दिसलं.

दुसरी पायरी. लेबलाखाली रकान्याचं अंतर्गत नाव असतं. आता ते नाव फक्त पायथन फाइलींत शोधा. विक्रीच्या सगळ्या दस्तऐवजांसाठी एक सामाईक सेलिंग कंट्रोलर आहे, त्यात या रकान्यात मजकूर भरणारी पद्धत (मेथड) सापडेल. खरेदीच्या कंट्रोलरमध्ये तिची जुळी बहीण आहे. म्हणजे सेल्स इन्व्हॉइसच्या स्वतःच्या फाइलमध्ये हे काम नाहीच, ते वारशाने आलंय. इथेच दोन रकाने दिसतील. नावापुढे 'बेस' लावलेला कंपनीच्या चलनातला, दुसरा ग्राहकाच्या चलनातला. ही जोडी एकदा ध्यानात आली की सगळ्या प्रकल्पभर ओळखू येते.

तिसरी पायरी. ती पद्धत 'मनी इन वर्ड्स' नावाचं फंक्शन बोलावते. त्याची व्याख्या ईआरपीनेक्स्टच्या फोल्डरात कितीही शोधली तरी मिळत नाही, आणि इथे माणसं अडकतात. फाइलीच्या वरच्या इम्पोर्ट ओळी पाहा. फंक्शन येतं फ्रॅपेमधून, बेंचच्या 'ॲप्स' फोल्डरातल्या शेजारच्या ॲपमधून. एडिटरमध्ये एकटं ईआरपीनेक्स्ट न उघडता सगळा 'ॲप्स' फोल्डर उघडला तर 'व्याख्येकडे जा' ही सोय बरोबर काम करते. कोणता कोड व्यवसायाचा आणि कोणता फ्रेमवर्कचा, ही सीमा अशी समजते.

चौथी पायरी मला सगळ्यात आवडते. त्या फंक्शनमध्ये लाखांत मोजायचं की मिलियनमध्ये, हा निर्णय चलनाच्या आकडे लिहिण्याच्या साच्यावरून होतो. स्वल्पविराम आपल्या पद्धतीने दोन-दोन अंकांनी पडत असतील तर लाख-कोटी, नाहीतर मिलियन. आणि हा साचा कोडमध्ये नाही. तो डेटाबेसमध्ये, त्या चलनाच्या नोंदीत आहे. डॉलरमध्ये बिल बनवून पाहा, शब्द बदलतील. कोडची एकही ओळ न बदलता वागणूक बदलली. कोड वाचूनच सगळं कळेल असं मानणाऱ्याला ही गोष्ट कधीच सापडत नाही. ती चालवून पाहणाऱ्यालाच सापडते.

पाचवी पायरी. आकड्याचे शब्द करायचं खरं काम फ्रॅपेही करत नाही. ते 'नम-टू-वर्ड्स' या स्वतंत्र पायथन लायब्ररीकडे जातं. तिचा रेपो वेगळा, तिची माणसं वेगळी. तिच्यात एकेका भाषेची एकेक फाइल आहे. भारतीय इंग्रजीची फाइल अगदी छोटी. साध्या इंग्रजीच्या वर्गावरून वारसा घेते आणि मोठ्या संख्यांच्या यादीत दोन ओळी भरते: दहाचा पाचवा घात म्हणजे लाख, सातवा घात म्हणजे क्रोर. शोध इथे संपला.

तुम्ही पाहाल तेव्हा यातल्या काही फाइली इकडच्या तिकडे झालेल्या असतील. म्हणून जागा पाठ करू नका. लेबल, रकान्याचं नाव, फंक्शन, इम्पोर्ट, डेटा, लायब्ररी, हा क्रम लक्षात ठेवा. लायब्ररीतली चूक ईआरपीनेक्स्टच्या रेपोत नोंदवून उपयोग नाही, हेही आता आपोआप कळतं.

छोट्या गोष्टीचा माग किती दूर नेऊ शकतो याचं उदाहरण सगळ्या सॉफ्टवेअर जगाने २०२४ च्या मार्चमध्ये पाहिलं. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना दिसलं की आपल्या मशिनवर एसएसएचने (नेटवर्कवरून मशिनमध्ये शिरायच्या सोयीने) आत शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्यांनी ते सोडून दिलं नाही. माग काढत गेल्यावर एक्सझेड या फाइली आवळणाऱ्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेलं चोरदार सापडलं, आणि ते जगभरच्या सर्व्हरांवर पसरण्याआधी रोखता आलं.

थांबवून पाहणं, मोडून पाहणं

माग काढताना अंदाज बांधत राहू नका, विचारा. 'बेंच कन्सोल' उघडा आणि तेच फंक्शन १,२५,००० आणि रुपयाचं चलन देऊन थेट बोलवा. मग शून्य द्या, ऋण आकडा द्या, एक कोटी द्या, पैशांसकट द्या. प्रत्येक वेळी आधी मनाशी उत्तर ठरवा आणि मगच एंटर दाबा. उत्तर जिथे चुकेल तिथे तुमची समज अपुरी आहे, किंवा बिघाड सापडलाय. दोन्ही उपयोगाचंच.

पायथनमध्ये 'ब्रेकपॉइंट' ही एक ओळ टाकली की कोड तिथे थांबतो आणि आतली प्रत्येक किंमत पाहता येते. बेंच स्टार्ट मात्र एकाच टर्मिनलमध्ये अनेक प्रक्रिया चालवतं, त्यामुळे थांबलेल्या कोडला उत्तर देणं अवघड होतं. अशा वेळी वेब सर्व्हर 'बेंच सर्व्ह'ने वेगळ्या टर्मिनलमध्ये चालवा. मेंटेनर कोणत्या ढंगाने डीबग करतात हे विचारून घेणं चांगलं, प्रत्येक प्रकल्पाच्या यात आपल्या सवयी असतात.

आता मोडून पाहा. नम-टू-वर्ड्स क्लोन करा आणि त्या फाइलमधला 'लाख' देवनागरीत लिहा. बिल पुन्हा उघडलं, काहीच बदललं नाही! असं होणारच, कारण बेंच आपल्या व्हर्च्युअल एनव्हायरनमेंटमध्ये (लायब्रऱ्यांच्या स्वतंत्र कप्प्यात) बसवलेली प्रत वापरतं, तुमचा क्लोन नव्हे. बेंचच्याच एनव्हायरनमेंटमधल्या पिपने (पायथनच्या लायब्रऱ्या बसवणाऱ्या साधनाने) क्लोन 'एडिटेबल' पद्धतीने बसवा, सर्व्हर पुन्हा चालू करा आणि नवं बिल जतन करा. जुन्या बिलात शब्द आधीच साठवलेले आहेत, ते तसेच राहतील, आणि यातूनही एक गोष्ट कळली: रक्कम अक्षरांत दाखवताना नव्हे, जतन करताना बनते. 'मी बदललं पण काही झालं नाही' असं जेव्हा जेव्हा वाटेल, तेव्हा पहिला प्रश्न हाच ठेवा: मी बदलतोय ती फाइल आणि चालतेय ती फाइल एकच आहे का? पायथनला मॉड्यूलचा फाइल-पत्ता विचारला की तो लगेच सांगतो.

बदल तसाच ठेवून लायब्ररीच्या चाचण्या चालवा. ज्या लाल, म्हणजे नापास, होतील त्या वाचा. अमुक इनपुटला अमुकच उत्तर आलं पाहिजे, हे चाचणीइतक्या नेमकेपणाने कुठल्याच कागदात लिहिलेलं नसतं. एकही चाचणी लाल झाली नाही, तर त्या ओळीवर पहारा नाही. तिथे एक चाचणी लिहिणं हेसुद्धा चांगलं पहिलं योगदान ठरतं.

ही ओळ अशी का?

कोड काय करतो ते कोड सांगतो. तो असा का आहे, हे इतिहासात असतं. गिट २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनी लिनक्स कर्नेलच्या कामासाठी लिहिलं, ते हजारो माणसांच्या बदलांचा माग ठेवता यावा म्हणूनच. नवे लोक त्याचा वापर फक्त कोड वर चढवायला करतात. ही साधनं हाताखाली ठेवा:

- गिट ब्लेम: प्रत्येक ओळ कोणत्या कमिटमधून आली ते. मोठ्या सफाईच्या कमिटांनी खरा इतिहास झाकला जातो. असे कमिट वगळायची यादी काही प्रकल्प रेपोतच ठेवतात.
- गिट लॉग, मोठ्या एससह: एखादा शब्द कोडमध्ये केव्हा आला आणि केव्हा गेला ते.
- गिट बायसेक्ट: मागच्या महिन्यात चालत होतं आणि आता मोडलंय, तर नेमकं कोणत्या कमिटने? दर वेळी उरलेले अर्धे वगळत जातं, म्हणून हजार कमिटांतला दोषी साधारण दहा तपासण्यांत सापडतो.

ब्लेममधून कमिट, कमिटमधून पीआर, आणि पीआरखालची चर्चा. ती चर्चा जरूर वाचा. तुम्हाला सुचलेली सोपी सुधारणा दुसऱ्या कुणी आधीच सुचवलेली असते, आणि ती का नाकारली हेही तिथेच लिहिलेलं असतं. विचित्र दिसणारी ओळ खोडण्याआधी ती कोणत्या अडचणीपायी आली हे शोधायला हवं. तेवढं कष्ट घेणाऱ्या माणसाशी मेंटेनर वेगळ्या आदराने बोलतात.

विचारायचं कसं

आपल्याकडच्या मुलांचं इथे फार अडतं, म्हणून जरा सविस्तर.

'आदरणीय सर, मला हे काम असाइन करा' असा निरोप टाकून वाट पाहू नका. बहुतेक प्रकल्पांत काम मागून मिळत नाही, काम करून दाखवलं की ते तुमचं होतं. 'सर', 'मॅडम'ची गरज नसते. समोरचा माणूस जिथला असेल तिथे नावानेच हाक मारतात आणि त्यात उद्धटपणा मानत नाहीत. इंग्रजी तोडकं असलं तरी चालतं. छोटी वाक्यं लिहा.

चांगल्या प्रश्नात चार गोष्टी असतात: काय करायचं होतं, काय केलं, काय झालं आणि कुठवर शोधलं. 'बिलावर शब्द चुकतात' यापेक्षा 'डेव्हलपच्या अमुक कमिटवर, रुपयात, ऋण रकमेला शब्द असे येतात; कन्सोलमध्ये फंक्शन थेट बोलावलं तरी तेच; लायब्ररीत पाहिलं तिथे बरोबर येतात' हा प्रश्न निम्मं उत्तर घेऊनच आलेला असतो. चूक दाखवताना स्क्रीनशॉटऐवजी मजकूर चिकटवा, म्हणजे पुढच्या माणसाला तो शोधून सापडेल. खासगी निरोप पाठवू नका, सगळ्यांसमोर विचारा, कारण उत्तर सगळ्यांच्या कामी येतं.

उत्तराला वेळ लागतो. मुंबईत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा मध्य युरोपात हिवाळ्यात दुपारचे साडेचार असतात आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे साडेसात. जेवणानंतरचा तास म्हणूनच दोन्हीकडच्या माणसांना गाठायला बरा. बरेच मेंटेनर हे काम नोकरी सांभाळून करतात. आठवडाभर थांबा, मग एकदा सौम्यपणे आठवण द्या.

एआयचा वापर कोड समजून घ्यायला खुशाल करा, पण त्याने सांगितलेली प्रत्येक गोष्ट चालवून पडताळा. नसलेली फंक्शनंही तो ठामपणे सांगतो. ज्या ओळीचं स्पष्टीकरण तुम्ही स्वतः देऊ शकत नाही ती पीआरमध्ये घालू नका. ती तपासायला दुसऱ्या कुणाची तरी संध्याकाळ जाते. काही प्रकल्पांचे याबाबत लेखी नियम आहेत, ते आधी पाहा.

पहिला पीआर

एका पीआरमध्ये एकच बदल. वाटेत दिसलेली मोकळी जागा, जुनी नावं यांना हात लावू नका. वाचणाऱ्याला खरा बदल शोधावा लागता कामा नये. एडिटर जतन करताना आपोआप सगळी फाइल नव्याने मांडत असेल तर ते थांबवा आणि प्रकल्पाचा स्वतःचा फॉरमॅटर वापरा. प्री-कमिटची (कमिट करण्याआधी आपोआप होणाऱ्या तपासणीची) जोडणी असेल तर ती बसवून घ्या. कमिटच्या संदेशात काय बदललं यापेक्षा का बदललं ते लिहा. काही प्रकल्पांत 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ लागते. हा कोड देण्याचा हक्क मला आहे, अशी ती तुमची कबुली असते. गिट कमिटला छोटा एस जोडला की ती आपोआप येते.

सीआय लाल झालं तर लॉग तळापासून वर वाचा. चूक आपल्या बदलाची आहे की आधीचीच, हे डेव्हलप ब्रँचच्या सीआयवरून कळतं. परीक्षणात वीस सूचना आल्या तर घाबरू नका. कुणीतरी तुमची प्रत्येक ओळ वाचली असा त्याचा अर्थ.

मराठी माणसाला विशेष जमेल असं एक काम आवर्जून सांगतो: देवनागरीची तपासणी. 'मुंबई' या शब्दात आपल्याला तीन अक्षरं दिसतात, युनिकोडमध्ये ते पाच संकेतांक आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये पंधरा बाइट. लांबी मोजणारा, मजकूर कापणारा किंवा कर्सर हलवणारा कोड यांतलं नेमकं काय मोजतो हे तपासलं की बिघाड सापडतात. 'वऱ्हाड' मधला ऱ एका संकेतांकानेही लिहिता येतो, आणि साधा र व त्याखाली नुक्ता असाही. दिसायला दोन्ही सारखे, पण प्रकल्पाने मजकूर एका रूपात आणून घेतला नसेल तर शोधताना एक सापडतो, दुसरा हरवतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, म्हणून जुन्या फाँटांत त्याच्या जागी चौकोन दिसू शकतो. अशा वेळी तपासायला मुक्ता किंवा बलू वापरा. मुंबईच्याच एक टाइपने घडवलेले हे फाँट मुक्त परवान्याचे आहेत. बाहेरच्या मेंटेनरला ही उदाहरणं सुचणार नाहीत. तुम्ही चार शब्द चाचणीत घातले तर ते तिथे कायमचे राहतात.

पीआर विलीन झाला की लगेच दुसऱ्या प्रकल्पाकडे उडी मारू नका. त्याच भागातले उघडे इश्यू वाचा. पुष्कळांत बिघाड पुन्हा घडवून दाखवणारं कुणी नसतं म्हणूनच ते अडलेले असतात. एक उघडा, लिहिलेल्या पायऱ्या आपल्या साइटवर करून पाहा, आणि खाली नोंदवा: कोणत्या कमिटवर पाहिलं, घडला की नाही, आणि कन्सोलमध्ये काय दिसलं.